भिंतीवरच्या चिठ्ठीपासून गॉडझिलापर्यंत : टीमसाठी टूल निवडताना

नवं प्रोजेक्ट हातात आलं की पहिल्या आठवड्यात एक बैठक हमखास होते. विषय एकच, काम ट्रॅक कशावर करायचं? कुणी जिरा म्हणतं, कुणी ट्रेलो, कुणाला आधीच्या कंपनीतलं अझुर डेव्हऑप्स हवं असतं, आणि एखादा अनुभवी माणूस शांतपणे एक्सेलचं नाव काढतो. मग फीचर्सचा तक्ता तयार होतो, त्यात बरोबरच्या खुणा पडतात आणि ज्याच्या खुणा जास्त ते टूल जिंकतं. हे टूल मुळात कशासाठी जन्मलं आणि ते वापरणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे त्या तक्त्यात कधीच नसतं. मला तर निवडीसाठी तीच माहिती सगळ्यात कामाची वाटते. शिवाय ती भलतीच रंजक आहे.

बर्फातले सतरा जण

११ ते १३ फेब्रुवारी २००१. अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाचं स्कीइंगचं ठिकाण आहे. तिथे सॉफ्टवेअर क्षेत्रातले सतरा जण जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, जेफ सदरलंड, केन श्वाबर ही त्यातली काही नावं. तिथून निघताना त्यांच्या हातात अजाइल मॅनिफेस्टो होता. त्यात चार मूल्यं मांडली आहेत. पहिलंच मूल्य सांगतं की प्रक्रिया आणि टूल्स यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. टूल्स टाकून द्या असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही, पण आधी कोण आणि नंतर कोण हे मात्र पक्कं सांगितलं. टूल निवडायच्या बैठकीत पहिली स्लाइड याची असावी असं माझं स्पष्ट मत आहे.

यातले वॉर्ड कनिंगहॅम म्हणजे जगातली पहिली विकी बनवणारे गृहस्थ. ती १९९५ साली सुरू झाली. त्याआधी १९८९ मध्ये त्यांनी आणि केंट बेक यांनी सॉफ्टवेअरचं डिझाइन समजावण्यासाठी साधी कागदी कार्डं वापरायची पद्धत मांडली होती. हवं ते सॉफ्टवेअर स्वतः लिहू शकणारी ही माणसं टेबलावर कार्डं सरकवत बोलायची. कार्ड हातात धरता येतं, समोरच्याला देता येतं, फाडून टाकता येतं.

भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचीही गंमत ऐका. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये जेमतेम चिकटणारा गोंद सापडला. त्याचा उपयोग काय, हे ठरायला बरीच वर्षं गेली, आणि १९८० मध्ये पोस्ट-इट अमेरिकेच्या बाजारात आलं. पिवळा रंग विचार करून निवडलेला नव्हता. शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळेच कागद पडून होते, ते वापरले. आज कुठलाही डिजिटल बोर्ड उघडा, कार्डांचा आकार आणि त्यांचं रांगांमधून सरकणं त्याच भिंतीवरून आलेलं आहे.

गॉडझिलाचा वंशज

ऑस्ट्रेलियात सिडनीला माइक कॅनन-ब्रुक्स आणि स्कॉट फार्कर हे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात भेटलेले दोन मित्र. २००२ मध्ये क्रेडिट कार्डावरच्या सुमारे १०,००० डॉलरच्या कर्जावर त्यांनी ॲटलासियन काढली. बग नोंदवायला ते मोझिलावाल्यांचं बगझिला वापरत. ऑफिसात त्याचं नाव गॉडझिला पडलं, गॉडझिलाला जपानीत गोजिरा म्हणतात, आणि स्वतःचं टूल बनवलं तेव्हा पुढचा 'गो' गळून जिरा उरलं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनी नॅसडॅकवर आली ती 'टीम' या चार इंग्रजी अक्षरांच्या चिन्हाने.

निवडीच्या दृष्टीने यातली खरी महत्त्वाची गोष्ट अशी की जिरा जन्माला आलं ते बग नोंदवायला. बगला काय काय लागतं? कोणत्या आवृत्तीत दिसला, किती गंभीर, कोणी शोधला, कोणी तपासला, कुठल्या पायरीवर आहे. अजाइल बोर्ड आला तो ग्रीनहॉपर नावाच्या प्लगइनमधून, जे ॲटलासियनने २००९ मध्ये विकत घेतलं. त्यामुळे फील्ड्स आणि वर्कफ्लो हे जिराच्या रक्तातच आहेत. नियम कडक असलेल्या कामात, म्हणजे बँक, विमा, औषध कंपन्या यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'हा बदल कुणी मंजूर केला' याचं उत्तर तीन वर्षांनीही द्यावं लागतं. तिथे जिरासारखं टूल सोन्याचं आहे. पाच जणांच्या टीमला मात्र त्यातलं बरंचसं लागत नाही.

'जिरा जड आहे' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण एक तिकीट उघडून अनिवार्य फील्ड्स मोजून बघा. त्यातली बहुतेक आपल्याच कंपनीतल्या कुणीतरी, कुठल्याशा रिपोर्टसाठी, कधीकाळी घातलेली असतात. रिपोर्ट मागणारे साहेब बदलतात आणि फील्ड तसंच राहतं. नवं टूल घेण्याआधी जुन्यातली अशी फील्ड्स काढून बघितली, तर कितीतरी टीमचा खर्च वाचेल.

ट्रेलोचा स्वभाव उलटा. जोएल स्पोल्स्की आणि मायकेल प्रायर यांच्या फॉग क्रीक कंपनीने ते सप्टेंबर २०११ मध्ये आणलं. याद्या आणि कार्डं, बस्स. लग्नाच्या तयारीपासून ॲपच्या रिलीजपर्यंत काहीही त्यावर मांडता येतं आणि शिकवायला कुणी लागत नाही. जानेवारी २०१७ मध्ये ॲटलासियननेच ते ४२.५ कोटी डॉलरला घेतलं. म्हणजे जिरा की ट्रेलो असा वाद घालताना तुम्ही एकाच घरातल्या दोन भावंडांतून निवड करत असता.

बेसकॅम्पची कथा मला फार आवडते. थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीने ते २००४ मध्ये काढलं. ते लिहिताना डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी जो पाया रचला, तो वेगळा काढून जगाला फुकट दिला. तोच रूबी ऑन रेल्स! पुढे त्या पायावर गिटहब उभं राहिलं, शॉपिफाय उभं राहिलं, आणि २००६ मध्ये रेडमाइन हे मुक्त स्रोताचं ट्रॅकिंग टूलही. कामाच्या याद्या सांभाळायच्या एका टूलमधून निम्म्या वेबचं बांधकाम साहित्य निघालं.

 

हैदराबादच्या टीमने काय केलं

सॉफ्टवेअरमधल्या कानबान पद्धतीची सुरुवात सांगताना टोयोटाचं नाव येतं, आणि ते योग्यच आहे. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटच्या पद्धतीवरून प्रेरणा घेतली: गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. पण ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये रुजली त्या कथेत आपल्याकडचं हैदराबाद आहे, हे कमी जणांना माहीत असतं.

२००४ ची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागात एक्सआयटी नावाची छोटी टीम होती. कंपनीच्या अंतर्गत वापराच्या ॲप्लिकेशन्सची देखभाल हे तिचं काम, आणि टीम बसायची हैदराबादला. मागण्यांचा ढीग वाढत चाललेला, एक मागणी पूर्ण व्हायला सरासरी पाच महिने, आणि अंतर्गत ग्राहक वैतागलेले. ड्रॅगोस डुमित्रिउ हे मॅनेजर तिथे आले आणि त्यांनी डेव्हिड अँडरसन यांचा सल्ला घेतला. दोघांनी टीमचा वेळ जातो कुठे ते पाहिलं. माणसं आळशी नव्हती आणि अकुशल तर मुळीच नव्हती. वेळ खात होते अंदाज! प्रत्येक नवी मागणी आली की डेव्हलपर आणि टेस्टर दोघांचा जवळपास एक दिवस 'याला किती वेळ लागेल' हे सांगण्यात जायचा. टीमच्या एकूण ताकदीचा किमान एक तृतीयांश भाग त्यातच खर्च होत होता. शिवाय अंदाज दिलेल्या बऱ्याच मागण्या पुढे कधी हातातच घेतल्या जात नव्हत्या.

मग त्यांनी अंदाज देणं बंद केलं. एका वेळी हातात किती कामं असतील यावर मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की त्या जागी कोणती मागणी घ्यायची एवढंच ग्राहकांनी मिळून ठरवायचं. टेस्टर आणि डेव्हलपर यांचं प्रमाणही कामाच्या ओघानुसार बदललं. साधारण नऊ महिन्यांत पाच महिन्यांचा कालावधी सुमारे दोन आठवड्यांवर आला आणि साचलेला ढीग संपला.

या टीमचा फायदा झाला तो नियम बदलल्यामुळे. म्हणून टूल बघताना एक प्रश्न जरूर विचारा: रांगेवर मर्यादा घालता येते का, आणि मर्यादा ओलांडली की ते सगळ्यांना दिसतं का? बाकी शंभर फीचर्सपेक्षा मी या एका गोष्टीला जास्त गुण देईन.

त्यामागचं गणितही सोपं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असं सांगतो की हातातली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. बोर्डावर ३० तिकिटं 'चालू' आहेत आणि आठवड्याला ५ संपतात, तर नव्या तिकिटाला सरासरी सहा आठवडे. तीच टीम, तोच वेग, पण चालू तिकिटं १० वर आणली तर दोन आठवडे. क्लायंटच्या कॉलमध्ये हे गणित एकदा फळ्यावर मांडून दाखवा.

तेरा पॉइंट आणि हेमचंद्राचार्य

स्प्रिंट प्लॅनिंगला आपण १, २, ३, ५, ८, १३ असे पॉइंट देतो आणि फिबोनाची म्हणून मोकळे होतो. पिसाच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. त्याच्या सुमारे पन्नास वर्षं आधी गुजरातेत जैन आचार्य हेमचंद्रांनी हीच मालिका छंदशास्त्रात मांडली होती, आणि विरहांकांनी त्यांच्याही कितीतरी आधी. शाळेत लघु-गुरू शिकलेल्या कुणालाही हा हिशेब कागदावर करता येईल. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येते? चारही लघु. दोन लघु आणि मग गुरू. लघु, गुरू, लघु. गुरू आणि मग दोन लघु. दोन गुरू. झाले पाच! तीन मात्रांना तीन तऱ्हा, पाचांना आठ, सहांना तेरा. कारणही लगेच दिसतं. ओळीचा शेवट एक तर लघूने होतो किंवा गुरूने, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज पुढची संख्या देते. पुढच्या प्लॅनिंगमध्ये टीमला हे जरूर सांगा, अभिमानाने सांगा.

आकडे असे लांबत जाणारे का घेतले, तेही कळण्यासारखं आहे. १ आणि २ यांतला फरक माणसाला जाणवतो, २० आणि २१ यांतला जाणवत नाही. काम जितकं मोठं तितकी अनिश्चितता मोठी, म्हणून उड्याही मोठ्या. प्लॅनिंग पोकर ही पत्त्यांची पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली आणि माइक कोन यांच्या २००५ च्या पुस्तकाने ती सगळीकडे नेली. सगळ्यांनी पत्ते एकदम उघडायचे, म्हणजे सिनियरचा आकडा ऐकून बाकीचे तोच धरत नाहीत. यासाठी वेगळं टूल विकत घ्यायची गरज नाही. व्हिडिओ कॉलवर चॅटमध्ये आकडा टाइप करून ठेवा आणि तीन म्हणताच सगळ्यांनी एंटर दाबा.

स्टोरी पॉइंट ज्यांच्या टीममधून पुढे आले त्या रॉन जेफ्रिज यांनी २०१९ मध्ये लिहिलं की ही कल्पना कदाचित माझीच असावी, आणि तसं असेल तर मला त्याचा खेद आहे. पॉइंटचा वापर टीमांची तुलना करायला आणि दबाव टाकायला होऊ लागला, हे त्यांचं दुखणं. टूलमध्ये 'कुणी किती पॉइंट केले' असा माणशी रिपोर्ट मिळतो म्हणून ते घ्यायचं, असं कुणी म्हणालं तर ठाम विरोध करा. बोर्ड तिथेच खोटं बोलायला लागतो.

आणि हो, २०२० ची स्क्रम गाइड काढून बघा. युजर स्टोरीचा उल्लेख नाही, स्टोरी पॉइंटचा नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरचं नाव नाही. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे डेली स्टँडअपचे तीन प्रश्नही त्या आवृत्तीतून काढले आहेत. एखादं टूल 'शंभर टक्के स्क्रम' म्हणून विकायला आलं, तर ही छोटी पुस्तिका शेजारी ठेवून बोला.

तेवीस मिनिटं आणि चौदा दिवस

५ एप्रिल २०२२ रोजी ॲटलासियनमध्ये एक जुनं ॲप काढून टाकायचं काम चालू होतं. स्क्रिप्टला ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइट्सचे क्रमांक दिले गेले. तेवीस मिनिटांत ८८३ साइट्स पुसल्या गेल्या, ७७५ ग्राहकांचं जिरा आणि कॉन्फ्लुअन्स गायब झालं. बॅकअप होते, पण सगळ्या साइट्स परत उभ्या राहायला चौदा दिवसांपर्यंत वेळ गेला. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला तर एक आख्खा स्प्रिंट! कंपनीने नंतर काय चुकलं याचा सविस्तर अहवाल जाहीर केला, ही मोठी गोष्ट आहे.

टूल्स बंदही पडतात. थॉटवर्क्सचं मिंगल २०१९ मध्ये बंद झालं. पिव्होटल ट्रॅकर, ज्यावर एका पिढीच्या टीम वाढल्या, ३० एप्रिल २०२५ रोजी थांबलं. जिराची स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी 'सर्व्हर' आवृत्ती १५ फेब्रुवारी २०२४ पासून सपोर्टविना आहे. म्हणून ट्रायल सुरू होताच पहिल्या दिवशी वीस खोटी तिकिटं बनवा, कॉमेंट टाका, स्क्रीनशॉट जोडा आणि सगळं एक्सपोर्ट करून बघा. सीएसव्हीमध्ये शीर्षकं येतात, पण कॉमेंट येतात का? जोडलेल्या फाइल्स येतात का? कुठल्या तिकिटावर कुठलं अवलंबून होतं, ते कळतं का? बाहेर पडायची वाट आत शिरतानाच तपासायची.

अशा टूल्सवर फारसं विसंबून नसलेल्या दुसऱ्या टोकाला लिनक्स कर्नल आहे. हजारो डेव्हलपर, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, आणि बदलांची देवाणघेवाण आजही मुख्यतः ईमेलवरून. हे चालतं कारण कुठल्या भागाचा जबाबदार माणूस कोण, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं आहे. तुमच्या टीममध्ये ती यादी आहे का?

साडेबारा तासांचं अंतर

हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून कॅलिफोर्नियाच्या क्लायंटसाठी काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. तुम्ही लॅपटॉप मिटता तेव्हा ते उघडतात. अशा टीमसाठी तिकीट हेच संभाषण असतं. 'ओटीपी इश्यू' एवढंच शीर्षक असेल तर पलीकडचा माणूस प्रश्न विचारतो, उत्तर दुसऱ्या दिवशी जातं, आणि एक दिवस गेला. त्याऐवजी 'अँड्रॉइडवर पैसे पाठवताना दुसरा ओटीपी मागवला तरी पहिला चालतो' असं लिहिलं, खाली पायऱ्या आणि तीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं, तर सकाळी उठेपर्यंत दुरुस्ती तयार असू शकते. म्हणून अशा टीमने बघायचं ते इतकंच: व्हिडिओ पटकन चिकटवता येतो का, कुणाला टॅग केलं की त्याला नेमकं कळतं का, आणि नको त्या ईमेलचा पाऊस बंद करता येतो का.

पैशांचं थोडक्यात. जिरा दहा जणांपर्यंत मोफत आहे, अझुर डेव्हऑप्समध्ये पहिले पाच जण मोफत. कोड गिटहबवर असेल तर त्याचाच प्रोजेक्ट बोर्ड बऱ्याच छोट्या टीमना पुरतो. चेन्नईच्या झोहोचं स्प्रिंट्स आहे, तेही जरूर बघण्यासारखं. रेडमाइनला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचे तास पडतात, ते धरा. टीम दहावरून अकरावर गेली की बिल काय होतं हे आजच काढून ठेवा, कारण टीम वाढायची ती नेमकी घाईच्या काळात वाढते.

दोन टूल्स निवडा आणि खरं काम घेऊन प्रत्येकावर एक-एक स्प्रिंट चालवा. तेवढ्याने जे कळतं ते दहा डेमोंनी कळत नाही. आणि निर्णयाच्या बैठकीला मॅनेजर, आर्किटेक्ट एवढेच बसवू नका. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोर्ड उघडतात ते टेस्टर, आणि सगळ्यात जास्त अडखळतात ते नव्याने आलेले मुलगे-मुली. त्यांना बोलवा आणि त्यांचं मत सगळ्यांच्या आधी घ्या.